बॅकवॉकर म्हणजे आपण

प्रिय धाकट्या,

ऑफिसातले लोक तुला ‘बॅकवॉकर’ म्हणतात, त्याचा अर्थ काय, असं तू फोनवर विचारलंस आणि मी विषय बदलला. एवढ्या लांब जाऊनही त्या शब्दाने तुला गाठलंच म्हणायचं!

आपल्या गुरुजींचं म्हणणं, पूर्वज लढाईत पाठ न दाखवता मागे सरकले म्हणून हे नाव. ते ऐकून बाबांना हसता हसता ठसका लागला होता. लढाई कसली डोंबलाची, म्हणाले, आपल्याकडे घरोघर दोर वळायचे. दोर वळणारा कमरेला तागाचा गुंडा बांधतो, दुसऱ्याने फिरवत ठेवलेल्या चाकाला धागा अडकवतो आणि धागा सोडत सोडत उलटा चालतो. जहाजांसाठी दोर घ्यायला आलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांना गावोगाव माणसं मागे मागे चालताना दिसली, आणि अख्ख्या मुलखाला त्यांनी ते नाव चिकटवून टाकलं. बाहेरचं कुणी तसं म्हणालं की मात्र बाबांचं डोकं फिरायचं.

आता त्यांची खबर. पक्षाघाताच्या झटक्यात वाचा गेली हे तुला ठाऊक आहे. पायांत बळ आहे, पण पुढचं पाऊल काही केल्या उचलत नाही. व्यायाम करून घेणाऱ्या बाई हात धरून ओढतात, मी लाडीगोडी लावते, हे आपले ढिम्म. गेल्या आठवड्यात त्यांना खिडकीपाशी उभं करून बाई जरा वळल्या, तर हे सरळ मागे निघाले. हात पोटाशी, बोटं चालू, पाऊल ठाम. सगळा वॉर्ड बघत राहिला. मला आधी हसू आलं, मग रडू आवरेना.

अर्ध्या वाटेत ते थांबले आणि खिडकीकडे बघत राहिले. चाक फिरलं नाही तर वळणारा पुढे काय करणार? मी धावत खिडकीशी गेले, हवेतच हात फिरवला. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. नकाराची. तेव्हापासून रोज असंच होतं रे. मी आईबरोबर ताग विंचरायचे, चाकाला माझा हात कधी लागलाच नाही. तिथे तू असायचास.

एवढा अर्थ फोनवरही सांगता आला असता, पण पुढचं मला बोलवलं नसतं. मी हरले आहे. रजेचं, तिकिटाचं सगळं मला कळतं, तरी ये. काही बोलू नकोस, काही आणू नकोस. त्या खिडकीपाशी उभा राहा आणि नुसता हात फिरव.

तुझीच,
ताई