सूचना सातवी : सामानापाशी एक माणूस

तीर्थरूप आत्यास,

वाकून नमस्कार. (चौथ्या देशातून निघायचा दिवस आहे, सामानापाशी बाकावर बसून लिहिते आहे आणि मांडीवर काकूची पर्स आहे, त्यामुळे वाकणं मनातल्या मनात.) डोळ्याची पट्टी कधी निघणार? थेंब वेळच्या वेळी घालतेस ना? तोवर तुला वाचायला बंदी, म्हणून या पत्राचे फोटो तुझ्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या फोनवर पाठवते आहे. त्या मोठ्याने वाचून दाखवतील. (शिंपीणबाई, कंसातलंही वाचा, काही गाळू नका.)

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी 'आम्ही राजवाडा पाहिला' असं लिहिलं होतं. ते खोटं आहे. राजवाडा आई, बाबा, काका आणि काकू यांनी पाहिला. मी राजवाड्यासमोरचं बसस्थानक पाहिलं, सव्वाचार तास. 'आम्ही' लिहिताना हात अडखळला होता, पण शेजारून आई म्हणाली, "लिही गं, आपण काय वेगळे आहोत का?" आणि मी लिहून गेले. शाळेत जायच्या आधी मला बाराखडी तू शिकवलीस, तुझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने. आणि न पाहिलेलं पाहिलं म्हणायचं नाही, हेही तिथेच शिकवलंस. म्हणून ही दुरुस्ती. आता ती ज्याच्यामुळे करावी लागली त्याबद्दल बोलते, आणि राग मानू नकोस, पण ते तूच लिहिलेलं आहे.

तुझ्या 'निवांत परदेश प्रवासाच्या व्यावहारिक सूचना', चार पानं. बाबा त्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवतात, पासपोर्टच्या वर. एका देशात निदान चार रात्री राहावं, उगाच धावपळ करू नये, हे उत्तम. औषधं हातातल्या पिशवीत ठेवावीत, हेही उत्तम. पण पाचवी सूचना म्हणते, मुक्काम हलवायच्या दिवशी खोली सकाळी सोडावी, गाडी संध्याकाळची घ्यावी आणि मधला दिवस निवांत फिरावं. सहावी म्हणते, सामान ठेवायच्या लॉकरवर विसंबू नये. सातवी म्हणते, सामानापाशी नेहमी एक विश्वासू माणूस ठेवावा. आत्या, या तिन्ही एका रांगेत लावल्या की काय होतं, याचा तू विचार केला होतास का? बाबांनी सातवी मोठ्याने वाचली आणि चौघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ माझ्याकडे पाहिलं. ('विश्वासू' ऐकून मला क्षणभर बरं वाटलं, हे कबूल करते.) दुसऱ्या देशात सगळे तळ्यात नावेतून फिरले, मी धक्क्यावर सहा बॅगा सांभाळल्या. परत आल्यावर काकू म्हणते, "तुला बसायला तरी मिळालं, आमचे पाय बघ!"

हेही मी गिळलं असतं. पण पुढच्या, शेवटच्या देशाचं काय? नकाशांच्या कचेरीत सात वर्षं मी दुसऱ्यांनी मोजलेल्या डोंगरांच्या उंचीच्या रेषा काढते आहे. त्या देशात एका मोजणीदाराने एकोणीस वर्षं खपून अख्खी डोंगररांग प्लास्टरमध्ये उभी केली आहे, खोलीभर, एकेक ओढा कोरलेला. या प्रवासात तो देश आला तोच मी हट्ट धरला म्हणून. ती खोली आठवड्यातून एकदाच उघडते, गुरुवारी, दहा ते एक. आणि आम्ही तिथली हॉटेलची खोली सोडतो गुरुवारी सकाळी, गाडी संध्याकाळची, मधला दिवस निवांत.

आता मागच्या वेळचं ऐक. तिसऱ्या देशाचं रेल्वे स्टेशन. मी नेहमीप्रमाणे बसलेली. एका आजोबांनी खुणेने विचारलं, जरा माझी पेटी बघतेस का? नाही कसं म्हणायचं? ते पाहून एका बाईने आपली बॅग ठेवली, मग एका जोडप्याने. रांग लागली, आत्या! एकीने पावती मागितली. कोणाची वस्तू कोणाला जायला नको म्हणून मी चिठ्ठ्या फाडून आकडे घालून दिले. (तेवढंच चुकलं असं आता वाटतं.) तासाभरात स्टेशनचा पहारेकरी आला आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाला, "यातलं तुझं काय?" मी खरं सांगितलं, यातलं माझं काहीच नाही. 'सामान कमीत कमी घ्यावं' या तुझ्या तिसऱ्या सूचनेप्रमाणे माझं सामान म्हणजे खांद्याला एक झोळी! मग काय, मला साहेबाच्या खोलीत नेऊन बसवलं, दीड तास, परवान्याशिवाय सामानघर चालवते म्हणून. बाबा धापा टाकत आले. मला वाटलं, विचारतील, घाबरलीस का? बाबा म्हणाले, "निळी बॅग कुठंय?" काकांनी वर पुस्ती जोडली, "तुला बसायचं सोडून नसते उद्योग कोणी सांगितले होते?" निळी बॅग साहेबाच्या खुर्चीमागे होती. मी रडले नाही. निदान त्यांच्यासमोर नाही.

बाकी सगळे खुशाल. बाबांचा गुडघा ठीक आहे, आईला हवा मानवली आहे.

तुझी,
भाची

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण. बाबांना बुधवारी फोन कर. तू मोठी बहीण, तुझा आवाज ऐकला की ते बसल्या जागचे उभे राहतात. सातव्या सूचनेत 'पाळीपाळीने' हा एक शब्द लिहायचा राहिला, एवढंच सांग. माझं नाव घेऊ नकोस.

ता. क. दुसरा. रांग लागली असं लिहिलं, ती चार माणसांची होती.

ता. क. तिसरा. सराव म्हणून आत्ताच बॅगांपासून वीस पावलं जायचं ठरवलं. अठराव्या पावलाला परत फिरले. (शिंपीणबाई, हे एवढं वाचू नका.) पण तू फोन केलास किंवा नाही केलास, आणि केल्यावरही बाबा 'हो ताई, हो ताई' म्हणून विसरले, तरी सहाही बॅगा त्यांच्या खुर्चीभोवती नीट लावून, 'एक वाजता येते' एवढंच सांगून मी निघणार आहे : गुरुवारी, सोळा तारखेला, सकाळी साडेनऊला.