रद्दचे पत्ते

रत्नागिरी,
१२ जुलै २००५

प्रिय उन्मेष,

तुझ्या त्या सैनिक-राक्षसांच्या चित्रांच्या साठ पत्त्यांच्या डावाची खरी किंमत काय पडली, ते मी परवा वर्कशॉपमध्ये बसून काढलं. पैसे सोड. अख्खी मे महिन्याची सुट्टी गेली. शेजारचा मुकुल, जो लहानपणापासून आपल्याकडे न विचारता पानावर बसायचा, तो यायचा बंद झाला. ऋजुता चिपळूणहून माहेरपणाला आली, तर बहिणीशी तू 'थांब जरा' याखेरीज बोलला नाहीस. आणि एवढं देऊन घेतलंस काय, तर दुसऱ्याला खेळू न देण्याची सोय.

अप्पांना यातलं काही कळत नाही, असं तू पुण्याच्या हॉस्टेलच्या मित्रांना फोनवर सांगत होतास. बोटींची इंजिनं नुसती ऐकून दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. शेजारच्या खोलीतला मुलगा ऐकू येणार नाही होय रे? आणि खेळही कळला. समोरचा बिचारा जमवाजमव करून एखादा सैनिक, एखादा वाघ टेबलावर मांडतो, की तू रद्दचा पत्ता टाकतोस. वाघ गेला. दुसरा मांडला, तोही गेला. साठातले निम्मे पत्ते नुसते नाही म्हणायला. तासाभराने समोरचा कंटाळला, की मग आपला तो एकुलता एक समुद्री राक्षस बाहेर काढायचा आणि जिंकलो म्हणायचं. मुकुल मला म्हणाला, काका, ह्याच्याशी खेळण्यापेक्षा बँकेत पासबुक भरायला उभं राहिलेलं बरं, तिथे निदान पंखा तरी असतो.

ही अक्कल पुण्यात शिकलो असं तुला वाटतं. अरे, असला एक खेळाडू आपल्याकडे प्रत्येक सामायिक बागेत असतो. पाच भावांची कलमं, चौघं राबायला तयार, आणि पाचवा मुंबईत बसून हरकत घेतो. कुंपणाला हरकत, विहिरीला हरकत, फवारणीला हरकत. स्वतः एक रोप लावलेलं नसतं. आंबे वानर खातात आणि हा पाहुण्यांना ऐटीत सांगतो, माझ्या सहीशिवाय तिथे पान हलत नाही. तूही मला तेच ऐकवलंस ना? 'अप्पा, मी नको म्हटलं की टेबलावर काही उतरतच नाही.'

तुझी एक खोड तुला ठाऊक नाही. हातात रद्दचा पत्ता असला की तू दोन पत्ते एकमेकांवर टकटक वाजवतोस. नसला की गप्प. शेवटच्या रविवारी मी त्यावरच तुला हरवलं. फडतूस पत्ते असे जपून मांडले, जणू लॉकरमधून काढलेत. तू ते सगळे रद्द करत सुटलास. टकटक थांबली, तेव्हा वाघ सोडला. तू म्हणालास, नशीब. बरं, नशीब.

त्याच संध्याकाळी मी कुसुमशी लग्नाचं काढलं. पालीच्या शाळेत शिकवते, भावाच्या बोटीच्या कामासाठी वर्कशॉपवर यायची, नवरा जाऊन तिला तपं उलटली, एवढंच मला सांगता आलं. पुढे तुझे पत्ते सुरू झाले. आईचा फोटो आहे भिंतीवर. रद्द. ऋजुताच्या सासरी काय वाटेल? रद्द. या वयात लोक हसतील. रद्द. आईचा फोटो आहे तिथेच राहील, त्याला रोज हार कोण घालतं ते तू कधी पाहिलंस? ऋजुताच्या सासूबाईंना मी स्वतः विचारलं. त्या म्हणाल्या, व्याही एकटे जेवतात हे आम्हालाच बरं दिसत नाही. लोकांचं म्हणशील, तर मी बंदरावर पाने-हातोड्या पुसायचो तेव्हाही लोक हसत होते.

जूनमध्ये मी तुला फोनवर स्वच्छ सांगितलं. विवाह नोंदणीच्या कचेरीत आमची नोटीस लागली आहे, हरकतीला महिना आहे, ये आणि समोर बसून काय ते बोल. फोनमधून टकटक ऐकू आली. घाई काय आहे, म्हणालास, पत्त्यांची स्पर्धा होऊ दे, मग बघतो, मी नको म्हटल्यावर कसं होईल? त्यानंतरच्या फोनवर घराच्या रंगाला नको, जुनी स्कूटर विकायला नको, न्हाणीघरात फरशी बसवायलाही नको. कुसुमचं नाव तू काढलं नाहीस, मीही नाही. स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत हरलास, हे मुकुलकडून कळलं. पुढे काही मोठं येईल म्हणून राखून ठेवलेले रद्दचे पत्ते हातात तसेच राहिले म्हणे.

हे मी फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेच तोडतोस. पत्र मधेच तोडता येत नाही. काल सोमवारी कुसुम आणि मी सह्या केल्या. साक्षीला ऋजुता, जावई आणि मुकुल. तुझी खोली आहे तशीच आहे. कुसुमने तुला जेवायला काय आवडतं ते विचारलं, आणि मला पटकन सांगता आलं नाही, तेवढं तू येऊन तिला सांग. तू निदान भांडायला तरी येशील म्हणून मी कचेरीच्या व्हरांड्यात जरा वेळ काढला. आत कारकुनाने सह्यांआधी फाईल उघडून पाहिली. महिनाभरात एकही हरकत आलेली नव्हती.

तुझाच,
अप्पा