बहिरी ससाणा

आई,

तुझ्याशी बोलायचं म्हणजे लिहायचंच, त्यामुळे हे पत्र लिहिताना काही वेगळं करतेय असं वाटत नाही. भाकरीचं पीठ परातीत पसरून आपण दोघी बोटाने लिहायचो, आणि वाचून झालं की तू तळहाताने पुसून टाकायचीस. आज मी भडकले आहे, आणि ते तुलाच सांगायचं आहे.

निवृत्तीनंतर मी पक्षी बघणाऱ्यांच्या एका गटात जाते. किल्ल्यावर, दीपगृहाच्या वाटेवर, इथल्या पक्ष्यांचा फलक लावायचं ठरलं. मजकूर गटातल्या एका तरुण मुलीने लिहिला. वाचते तर काय, ‘कर्णबधिर ससाणा’!

“हे काय आहे?” मी विचारलं.

“काकू, बहिरी म्हणणं आता बरं दिसत नाही. लोकांना लागतं.”

“कुठल्या लोकांना? ससाण्यांना?”

सगळे हसले. ती हसली नाही. “तुमच्या घरी असं कोणी असतं ना, तर तुम्हाला कळलं असतं,” ती म्हणाली. माझ्या जिभेला आळीत सगळे घाबरतात, पण त्या दिवशी मी दुर्बीण पिशवीत घातली आणि घरी निघाले.

तुला घरात नाव नव्हतं. आत्या परसातून मला ओरडायची, “अगो, त्या बहिरीस सांग, म्हावरं आलंय!” तू तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर भांडी घासत असायचीस. तुला ऐकू येत नसे, मला येई. मग कधीतरी शाळेत सिस्टरनी पक्ष्यांचं इंग्रजी पुस्तक हातात दिलं, त्यातल्या एका ससाण्याचं मराठी नाव मी शब्दकोशात शोधलं, आणि शाळेतून घरापर्यंत धावत आले. इतका देखणा, इतका वेगवान पक्षी, आणि नाव तुझं!

त्यानंतरची एक दुपार मला अजून दिसते: मांडवीच्या किनाऱ्यावर वाळूत आपण दोघी बसलो आहोत. थंडीतली दुपार कलते आहे, पाण्यावर सगळीकडे पितळ सांडल्यासारखं ऊन. कबुतरांचा थवा एकाएकी फुटतो आणि वरून काहीतरी दगडासारखं खाली येतं. घार नाही, घारीची शेपटी खाचेची, आणि ती तरंगते, तिला कुठे जायची घाई नसते. शिक्रा नाही, त्याचे पंख आखूड आणि गोलसर. हे पंख लांब, टोकदार, आणि वळताना क्षणभर गालावरची काळी मिशी दिसते. मी तुझा दंड हलवते आणि वाळूत लिहिते, ‘बहिरी’. तू माझ्याकडे नुसती बघतेस. मी घाईघाईने आभाळाकडे बोट दाखवते, खाली लिहिते, ‘पक्षी. यांच्यात बाई बुवापेक्षा मोठी असते.’ तू वर बघतेस, पुष्कळ वेळ, आणि मग लिहितेस, ‘मिशी असून?’ आणि हसतेस, तुझं ते गडगडाटी हसणं, ज्याचा आवाज तुला कधीच माहीत नव्हता. होडीजवळच्या कोळणी वळून बघतात. बघू देत.

तर पुढच्या बैठकीला मी तयारीने गेले. म्हटलं, ससाणा पुल्लिंगी आहे. कान गेलेला असता तर बहिरा ससाणा झाला असता, बहिरी नव्हे. हा शब्दच वेगळा. अरबी, गलबतांबरोबर आलेला. बहर म्हणजे समुद्र. समुद्राचा ससाणा. व्याकरण कच्चं असलं की सहानुभूतीचंसुद्धा हसं होतं, हेही सुनावलं. मुलगी ओशाळली. “सॉरी काकू,” म्हणाली, आणि नाव दुरुस्त झालं. आता फलकावर बहिरी ससाणा आहे, खाली समुद्राचा अर्थही आहे.

जिंकून घरी आले आणि कोणावर चिडावं तेच कळेना. इतकी वर्षं तो पक्षी तुझा होता. भर बैठकीत, पुराव्यानिशी, मीच तो समुद्राला देऊन आले. आत्याचा शब्द ज्या एका ठिकाणी सुंदर झाला होता, तिथूनही मी तुला बाहेर काढलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते मला कळतं. फक्त एक सांगते. काल कड्याच्या टोकावर ती बहिरी बसली होती, पाठ माझ्याकडे, तोंड समुद्राकडे. पक्षी बघताना आवाज करायचा नाही हा आमच्या गटाचा पहिला नियम. मी मोठ्याने हाक मारली, “आई!” तिने मान वळवली नाही. मला फार बरं वाटलं.