मामीने सांगितलेला आकडा

प्रिय मामी,

नर्सच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी मला संशोधन करायला मिळालं, तेव्हा सगळ्यांत जास्त तूच मिरवलंस. पोटाच्या ऑपरेशननंतर कुशीला उशी दिली की दुखणं कमी होतं का, एवढाच माझा प्रश्न होता. तीस पेशंट हवे होते. तुझं ऑपरेशन आमच्याच वॉर्डात झालं आणि तिसावी तू मिळालीस.

रोज मी विचारायचे, "शून्य ते दहा, किती दुखतंय?"

"दोन लिही गं," म्हणायचीस आणि चादर मुठीत आवळायचीस. चौथ्या दिवशी हळूच म्हणालीस, "माझ्यामुळे तुझं काम बिघडायला नको."

म्हणजे तू दुखणं लपवतेस हे मला कळलं होतं, मामी. तरी मी दोनच लिहिलं आणि डॉक्टरांना काही बोलले नाही. दोन दिवसांनी जखमेत पू झाला, तुला पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं.

तू बरी झालीस. अभ्यास सगळ्यांसमोर मांडला तेव्हा मला टाळ्या मिळाल्या. काल मेट्रनबाईंना सगळं सांगून मी तो अभ्यास मागे घेतला. त्या इतकंच म्हणाल्या, "पेशंटच्या तोंडाकडे बघायला शिकवलं होतं ना तुला?"

हे पत्र मात्र टाकवत नाही. वाचलंस तर सगळी चूक तू स्वतःकडे घेशील. आणि मी ती घेऊ देईन, याचीच जास्त लाज वाटते.

तुझी,
मान खाली घातलेली भाची