लाजेने साठवलेले एक्केचाळीस लाख

मी, इंगेयर्द नुर्लिन, कै. रूने नुर्लिन यांची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार हर्नेसांद, स्वीडन, रुग्णालयाच्या धुलाईघरातील निवृत्त कामगार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. कोणाचे दडपण नाही. लाज मात्र वाटते आहे, आणि ती वाटायलाच हवी.

१. घर भाड्याचे आहे, सबब ते कोणास देता येत नाही. चादरी दाबायचे लाकडी यंत्र, बर्फावरची ढकलगाडी आणि तांब्याची कॉफीची किटली माझा मुलगा स्टाफान यास द्यावी. तो म्हणेल, "हे भंगार मी कुठे ठेवू?" ठेव रे बाबा कुठेतरी.

२. बँकेतील त्या टायवाल्या साहेबांस काहीही देऊ नये. रूने गेला तेव्हा मला बँकेच्या पत्रातली अक्षरे कळत, अर्थ कळत नसे. घरातला पैसा रूनेच बघायचा. साहेबांनी बँकेच्या फंडाचा एक कागद पुढे सरकवला आणि मी "आभारी आहे, आभारी आहे" म्हणत सही केली. त्या फंडाच्या वाढीपेक्षा बँकेची फी जास्त होती, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी समजले. भांडायला म्हणून गेले, तर त्यांनी कॉफी दिली. ती प्यायले आणि पुन्हा आभार मानून परत आले. इतकी मी बावळट!

३. माझ्या नावावर आज फंडांमध्ये एक्केचाळीस लाख क्रोना आहेत. हे वाचून स्टाफान खुर्चीतून पडेल, म्हणून कसे ते सांगते. आम्ही धुलाईघरातल्या काही बायकांनी शेअर मंडळ काढले होते. दर महिन्याला एकीच्या स्वयंपाकघरात जमायचे, दालचिनीचे पाव खायचे आणि कंपन्यांचे ताळेबंद मोठ्याने वाचायचे. कल्पना माझ्या समोरच्या दारातल्या गुनवोरची. ती म्हणायची, "अगं, चादरीवरचा डाग आपल्याला लांबून कळतो, मग कंपनीचा का नाही कळणार?" आधी फी बघ, कर्ज काढून शेअर घेऊ नकोस, दर महिन्याला थोडे घाल आणि मग हात लावू नकोस, हे सगळे मी तिथेच शिकले.

पण परक्या कंपन्यांचे कर्ज चवीने वाचणाऱ्या आम्ही, स्वतःकडे किती आहे ते एकमेकींना कधी सांगितले नाही. आमच्याकडे तसे विचारणेच असभ्य. बाजार कोसळला तेव्हा गुनवोरने घाबरून स्वतःचे सगळे विकले, ते मला फार उशिरा कळले. मी विकले नाही. शहाणी होते म्हणून नव्हे. विकायचे कसे, हे बँकेत फोन करून विचारायची लाज वाटली म्हणून.

तेव्हापासून मी तिच्यापुढे गरीब असल्याचे सोंग करते. ती अर्ध्या किमतीचा शिळा पाव आणते, त्यातला अर्धा मला देते आणि म्हणते, "आपल्या दोघींचं काय, पेन्शन आणि बटाटे." मी मान डोलावते. आणि तो पाव खाते.

४. गुनवोर ओस्लुंद हिला आठ लाख क्रोना द्यावेत. घरमालकाने नळ आणि न्हाणीघरे नवी केली आणि एक एप्रिलपासून भाडे दीडपट केले. तिला ते झेपणार नाही. त्याच दिवशी ती घर सोडून भाचीकडे सुंड्सवालला जाणार, तिथे तिला सोफ्यावर झोपावे लागेल. खोकी बांधता बांधता तिने मला हे सांगितले आणि मी म्हणाले, "अरेरे." एक्केचाळीस लाखांची बाई, आणि तोंडातून काय निघाले, तर अरेरे!

५. उरलेले सर्व स्टाफानचे. अर्धे तर कायद्यानेच त्याचे आहे. दर नाताळला तो "आई, काहीतरी ऊबदार घे" म्हणून पाचशे क्रोना पाठवतो, तेही मी फंडातच घातले. स्वेटर जुनाच आहे. मला माफ कर, बाळा.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

साक्षीदार म्हणून मी गुनवोरला आणि इमारतीचे केअरटेकर एगॉन लिंडे यांना कॉफीला बोलावले. एगॉन पेन उघडता उघडता म्हणाले, "बाई, ज्याला यातून काही मिळणार, त्याची सही चालत नाही हं. आम्हा दोघांना काही नाही ना?"

माझे कान तापले. गुनवोर हसली. "हिच्याकडे द्यायला आहेच काय!"

मी कागद तिच्या हातात दिला. तिने तो सावकाश वाचला.

"आणि माझा शिळा पाव खात होतीस?"

"लाज वाटत होती गं."

"पैसे असल्याची, की लपवल्याची?"

"आधी असल्याची. मग लपवल्याची."

तिने कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "बरं. भाडं एक तारखेला वाढतंय, इंगेयर्द. तू मरणार कधी?"

सबब कलम चार मी माझ्या हाताने खोडले आहे. ती रक्कम मी आजच, जिवंतपणी, गुनवोरला देत आहे. ती आधी नाही म्हणाली, मग रडली, मग तिने मला एगॉनसमोर शिवी दिली आणि शेवटी खाते क्रमांक सांगितला. या मृत्युपत्रातून तिला आता काहीही मिळायचे नाही, म्हणून तिची सही चालते.

ठिकाण: हर्नेसांद. १४ मार्च २०२४.

सही: इंगेयर्द नुर्लिन

आम्हा दोघांसमक्ष तिने सही केली, ती शुद्धीत होती.

साक्षीदार: एगॉन लिंडे, केअरटेकर

साक्षीदार: गुनवोर ओस्लुंद. पत्ता: तोच जिना, समोरचे दार.