खाडीवीरच्या विजयाचं खरं कारण

शनिवार, १० जानेवारी

उद्या फुटबॉलची क्वार्टर फायनल. समोर भिवंडी शहरातली लूम इलेव्हन. गेल्या वर्षी त्यांनी आपल्या अंजूरच्या खाडीवीर संघाची पार धूळधाण केली होती. तेव्हा मी चीफ कोच म्हणून नवीन होतो.

कोच म्हणून दौलतला कोणी नेमलं, असं गावात काही जण विचारतात म्हणे. ग्राउंड माझ्या जमिनीवर आहे. गोडाऊनवाले ती विकत मागायला रोज दारात येतात आणि मी त्यांना चहा पाजून परत पाठवतो. प्रश्न संपला.

संकल्प: उद्या आवाज खाली ठेवायचा. रेफ्रीची कॉलर धरायची नाही. मॅच चालू असताना आत पळायचं नाही. मागच्या वेळी भावेशचा सरळ गोलमध्ये जाणारा शॉट माझ्या पोटाला लागून बाहेर गेला. चूक भावेशची. कॅप्टनने समोर कोण उभं आहे ते बघून मारावं. पण उगाच चर्चा नको.

गुडघा दुखतोय.

रविवार, ११ जानेवारी. दुपार

बायकोने गणेशपुरीला गरम पाण्याच्या कुंडावर पाठवलं. एरवी गुडघ्याचं नाव काढलं की रूपा टीव्हीचा आवाज वाढवते. आज स्वतः टॉवेल भरून दिला. दीपेशने रिक्षासुद्धा बोलावून ठेवली होती. पोरगा लेफ्ट विंगला खेळतो, मॅचच्या दिवशी एवढी धावपळ करायला नको होती त्याने.

मॅचआधी नारळ फोडायचा मान माझा, जमीनमालक म्हणून. आज पंढरी चहावाल्याने फोडला. कळवलंसुद्धा मला नंतर.

कुंडात पाय सोडून टीमच्या ग्रुपवर टॅक्टिक्सचे व्हॉइस मेसेज पाठवत राहिलो. अजून कोणी ऐकलेले दिसत नाहीत. इथे रेंजचा प्रॉब्लेम आहे.

रविवार. संध्याकाळ

जिंकलो!! ४-०!! लूम इलेव्हनला!!

माझे मेसेज कोणी ऐकले नव्हते, तरी भावेशने डाव्या बाजूनेच अटॅक केला. म्हणजे माझा विचार पोरांच्या अंगात मुरलाय. याला कोचिंग म्हणतात.

सोमवार, १२ जानेवारी

पंढरीच्या टपरीवर चर्चा. अर्धं गाव जमलं होतं. एक म्हणाला, त्यांचा गोली नाइट शिफ्ट करून आला होता, उभ्याउभ्या पेंगत होता. दुसरा म्हणाला, भावेश मिडफिल्डला आला म्हणून झालं. तिसऱ्याने नवीन बुटांना क्रेडिट दिलं. मी एका कोपऱ्यात विनम्रपणे भजी खात होतो.

मग पंढरी गाळणी झटकत म्हणाला, न्हाय रं, बूट तेच, पोरं तीच, ग्राउंडबी तेच. येकच गोष्ट बदललेली व्हती.

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. इतका आदर मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता. मी मान खाली घातली.

घरी येऊन बघतो तर टीमच्या ग्रुपमधून माझा नंबर गेलेला. दीपेश म्हणाला, बाबा, ॲपमध्ये बिघाड आहे.

शुक्रवार, १६ जानेवारी

भावेश घरी आला. हातात शेंडीवाला नारळ. म्हणाला, दौलतकाका, सेमीला तुमी वज्रेश्वरीला जाऊन बसा, देवीसमोर. नारळ दोन्ही हातांत धरायचा. शेवटची शिट्टी होईपर्यंत खाली ठेवायचा न्हाय. फोनबी बंद. यो मान दुसऱ्या कुनाला देता येयाचा न्हाय.

मी म्हटलं, टीमला साइडलाइनवर माझी गरज आहे. त्यावर तो चटकन म्हणाला, साइडलाइन कुनीबी सांभाळंल.

पोराला माणसाची पारख आहे. पुढच्या वर्षीही कॅप्टन तोच.

रविवार, १८ जानेवारी. वज्रेश्वरी

नारळ धरून गाभाऱ्यासमोर बसलो. पुजाऱ्याने रांग अडते म्हणून उठवलं. मग पायऱ्यांवर बसलो. हात भरून आले. मी एका जागी हलत नाही हे बघून लोकांनी माझ्याभोवती चपला काढून ठेवायला सुरुवात केली. एका बाईने सांगितलं, भाऊ, लक्ष ठेवा, नवीन हायत. नारळ हातात असल्यामुळे वाद घालता आला नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर कळलं. जिंकलो. पेनल्टीवर. फायनलमध्ये!

आता हे मान्य करावं लागेल की मी लांबून जास्त परिणामकारक आहे. मोठ्या कोचचं असंच असतं.

शनिवार, २४ जानेवारी

उद्या फायनल. नारळ परवाच घरी आला. गाडी टीमला सामान आणायला दिली आहे, मी एसटीने जाणार. रूपाने डबा करून ठेवलाय, पुरणपोळीचा. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, डब्यात पुरणपोळी पहिल्यांदा.

फायनलला दीपेशचे होणारे सासरे येणार आहेत, करिष्माचे वडील. हळद अकरा फेब्रुवारीला. त्यांनी जावयाचा खेळ बघावा आणि मागे जावयाला घडवणारा माणूस दिसूच नये? विचार करण्यासारखं आहे.

दीपेश रात्री जेवताना म्हणाला, बाबा, प्लीज, उद्या जा हां. तो मला प्लीज कधी म्हणत नाही. मी शब्द दिला.

रविवार, २५ जानेवारी

जमेल तसं लिहितो.

अंबाडी नाक्यापर्यंत गेलो. तिथे एसटी थांबली आणि मला पटलं की खरा लीडर पायऱ्यांवर बसत नाही. नारळ घेऊन उतरलो, उलट्या दिशेची रिक्षा पकडली. रिक्षावाला भिवंडीचा, बोलका. अंजूर म्हटल्यावर हसायला लागला. म्हणाला, सेठ, अंजूरवालों का मालूम है क्या? उनका एक पनवती है। उसको नारियल पकड़ा के मंदिर में बिठा देते हैं, तब जीतते हैं।

मीही पोट धरून हसलो. पंढरीच असणार. माणूस एरवीही दरिद्रीच दिसतो. रिक्षावाल्याला म्हटलं, ऐसे आदमी को तो गांव के बाहर ही रखना चाहिए। तो म्हणाला, वही तो करते हैं।

मग विचार आला की पंढरी तर नारळ फोडतो. धरून कोण बसतं?

रिक्षा थांबव म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. मला वाटलं, मी गेल्यावर आपण जिंकलो की हे सगळं आपोआप खोटं ठरेल.

पोचलो तेव्हा आपण २-० ने पुढे होतो. बँजोवाले वाजवत होते. मला बघून बँजो बंद पडला. मग एकेक करून सगळं ग्राउंड माझ्याकडे वळलं. भावेशसुद्धा. त्याच्या बाजूने बॉल गेला आणि पहिला गोल बसला. दुसरा आपल्याच पोराच्या डोक्याला लागून आत गेला. मी तोंडातून शब्द काढला नव्हता. रेफ्रीकडे बघितलंही नव्हतं. नारळसुद्धा दोन्ही हातांत धरला होता. तिसरा गोल कसा झाला ते बघितलं नाही, डोळे मिटून देवीचं नाव घेत होतो.

हरलो. ३-२.

कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पंढरीने माझी नेहमीची खुर्ची उचलून टेम्पोत टाकली. करिष्माचे वडील दीपेशच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात काही विचारत होते. दीपेशने माझ्याकडे बोट दाखवलं.

सोमवार, २६ जानेवारी

टपरीवर गेलो नाही. गुडघा दुखतोय.

संकल्प: पनवती वगैरे काही नसतं, हे शांतपणे, उदाहरणांसह सर्वांना समजावून सांगायचं. गोडाऊनवाल्याला फोन करून ग्राउंड विकायची ऑफर द्यायची. दिली. तो म्हणाला, सेठ, गाववाले म्हणतात ती जमीनसुद्धा पनवती आहे, ती नको, दुसरी असेल तर बोला.

सोमवार, ९ फेब्रुवारी

दीपेश खोलीत आला. टेबलावर नारळ ठेवून गेला.

रूपाला विचारलं, हळदीला बाप नको? ती लुगड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, लग्नाला हायेत की तुमी. येकाच दिवसाचा प्रस्न हाय.

मी म्हटलं, कोणीतरी देवीसमोर बसायला हवंच. मी स्वतःच जाणार होतो. ती म्हणाली, मना म्हायती व्हता तुमी समजून घ्याल. आणि माझ्यासाठी भरायला डबा शोधायला लागली.

बुधवार, ११ फेब्रुवारी. वज्रेश्वरी

पायऱ्यांवर आहे. नारळ मांडीत. आज लग्नसराईची गर्दी आहे, त्यामुळे चपला पुष्कळ.

फोन चालू ठेवलाय. फोन बंद ठेवा असं या वेळी कोणी सांगितलं नव्हतं. रेंज चांगली आहे, मी दोनदा तपासली. दीपेश बोलावेल असं वाटत होतं. हळद लावायच्या आधी एकदा तरी. कोणाचाच फोन आला नाही.

रूपाच्या भावाने स्टेटसला व्हिडिओ टाकलाय. दीपेश पिवळाधमक झालाय. बापाच्या जागी पंढरी हळद लावतोय. बँजो, भावेश, सगळी टीम, बायका, रूपासुद्धा नाचतेय. रूपा नाचते हे मला माहीतच नव्हतं. माझ्यासमोर ती कधी नाचली नाही. दीपेश तर इतका हसतोय की मी व्हिडिओ पुन्हा लावून बघितला, आपलाच पोरगा आहे ना म्हणून.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, हे कोण वाचतंय.

उद्या टपरीवर चर्चा होईल, हळद एवढी जोरात कशी झाली. कोणी म्हणेल बँजो, कोणी म्हणेल मटण. मग पंढरी गाळणी झटकेल.

एक बाई चपला मागतेय. देतो.