सगळ्यांना एकच दार

५ मे
आजपासून वस्तू फेकणं बंद. सकाळी फोन भिंतीवर आपटला, पण तो जुनाच होता. कारण मिसेस टॉलिव्हर. आमच्या मेंफिसच्या दुकानात जन्मभर गल्ल्यावर बसली. कंपनीचे चार शेअर आहेत, म्हणून वार्षिक सभेत प्रश्न विचारणार म्हणे. पाच वर्षांपूर्वी काळ्यांवरच्या पोलिसी अत्याचाराविरुद्ध देशभर मोर्चे निघाले, तेव्हा पार्किंगमध्ये गुडघे टेकून मी वचन दिलं होतं : ‘प्रुइट मार्केटमध्ये काळ्या-गोऱ्यांना एकच दार, एकच वागणूक.’ त्याचं काय झालं, हा तिचा प्रश्न. हिवाळ्यात आमच्या गार्डने तिच्या मुलाचा खांदा मोडला. आता एका खांद्यावरून अख्ख्या कंपनीला जोखायचं?

७ मे
लमारला बोलावलं. समता विभागाचा प्रमुख. विभागात पूर्वी नऊ जण होते, आता तो एकटाच. तो काळा आहे, म्हणजे विभाग शंभर टक्के काळ्यांच्या हातात. हे सभेत ठासून सांगायचं.
त्याला आकडे मागितले. म्हणाला, “आकडे मरू देत, ड्वाइट. एकदा माझ्याबरोबर त्या दारातून चला.” समतेचा काचेचा पुरस्कार फेकून मारला. नेम मुद्दाम चुकवला. कोपरा तेवढा उडाला.

८ मे
नामी युक्ती! वेश बदलून आपल्याच दुकानात चोरी करायची. नवा गार्ड मला ओळखत नाही. त्याने मला, गोऱ्याला, आपटलं की वचन पाळल्याचं सिद्ध. लमार साक्षीदार म्हणून मागून येईल.
मार्लीन म्हणाली, “तुला कोण आपटतंय! तुला बघून लोक दार धरतात.” बायकोला धंद्यातलं काय कळतं?

९ मे
मळका कोट, टोपी. मांसाच्या फळीवरचा एक स्टेक कोटात कोंबला. गार्ड म्हणाला, “काय उकडतंय ना, सर!” परत गेलो. दोन स्टेक, उघड उघड हातात. त्याने दार धरलं. शेवटी डुकराची अख्खी तंगडी काखेत मारली. म्हणाला, “जड असेल, गाडीपर्यंत आणून देऊ?” मी ओरडलो, “अरे, चोर आहे मी!” तो खो खो हसला.
मागून लमार आला. सूट, टाय, एका हातात ज्यूसची बाटली, दुसऱ्यात पावती. गार्डने त्याला उचलून फरशीवर आपटलं. पाठीवर गुडघा. नाक फुटलं, मनगट मोडल्याचा आवाज आला, दात घरंगळत माझ्या बुटापाशी आला. “पावती आहे! पावती आहे!” लमार ओरडत होता.
मी मालक आहे, हे मी सांगणारच होतो. पण काखेत तंगडी होती आणि ती ठेवायला स्वच्छ जागा दिसेना.

१० मे
लमारला फुलं पाठवली. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढणं चूक. तो बरा झाला की दुसऱ्या दुकानात करून बघू. गार्डला काढलं नाही, माणूस अदबशीर आहे. सभेच्या दारावर नेमला.

१५ मे
सभा. मिसेस टॉलिव्हर उठली. शेजारी लमार, हात गळ्यात. मी उत्तरं पाठ करून गेलो होतो. तिने एवढंच विचारलं, “ड्वाइट बाळा, लमारला तुडवत होते तेव्हा तुझ्या काखेत काय होतं?”
मी गुडघे टेकले. मागे त्यावर टाळ्या पडल्या होत्या.
ती म्हणाली, “ऊठ रे. तुमच्या गुडघ्यांनी आमच्या पाठी मोडल्यात.”
उठायला गेलो, उठता येईना. कोणी हात दिला नाही. शेवटी दारावरचा गार्ड धावत आला, म्हणाला, “सांभाळून हं, सर.” मला अलगद उभं केलं, बाहेर नेलं आणि दार धरलं.